कुत्र्याच्या कोपरावरील घट्टा : कारणे, काळजी व उपचार

कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना पाळीव सोबती होय. गाय, बैल, घोडा ही जनावरे माणसाच्या दावणीला आली, त्याच्या कितीतरी सहस्र वर्षे आधी कुत्रा त्याच्या शेकोटीपाशी येऊन बसला होता. आपल्या कथांतूनही त्याला मानाचे स्थान आहे. भाकरी तोंडात धरून पळालेल्या कुत्र्यामागे, त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज कोणास ठाऊक नाहीत? कुत्र्याच्या भाकरीची आठवण आपण अशी पिढ्यान्‌पिढ्या जपली. परंतु ती भाकरी खाऊन आपल्या दारात राखण करणारे ते मुके जनावर रात्री कशावर निजते, याचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. तो न झाल्यामुळे कुत्र्याच्या अंगावर जी एक खूण उमटते, तिच्याविषयी प्रस्तुत लेखात चार उपयुक्त गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ही खूण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपल्या किंवा शेजारच्या घरचे वयस्क कुत्रे पाय पसरून निवांत पडले असता त्याच्या पुढील पायांच्या कोपरांकडे पाहावे. तेथील केस झडून गेलेले असतात आणि रुपयाएवढा किंवा त्याहून मोठा, करड्या रंगाचा, जाड, सुरकुतलेला चट्टा दिसतो. हात लावला तर जुन्या वहाणेच्या कातड्यासारखा तो राठ लागतो. यालाच आपण घट्टा म्हणतो. घरची मंडळी तो पाहून एकतर घाबरतात व कुत्र्याला लूत लागली असे समजून हाती येईल ते औषध चोपडतात. नाहीतर ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे म्हणून दुर्लक्ष करतात. या दोन्ही गोष्टींनी कुत्र्याचे नुकसानच होते. घट्टा हा स्वतः रोग नव्हे. परंतु त्याकडे दुर्लक्ष केले तर त्यातून रोग उद्भवू शकतो.

कोपर कोणते?

प्रथम कुत्र्याचे कोपर कोठे असते हे नीट पाहिले पाहिजे. कारण येथेच पुष्कळांची फसगत होते. कुत्र्याच्या पुढील पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो, त्याला आपण सहज गुडघा म्हणून टाकतो. वस्तुतः ते त्याचे मनगट होय. त्याचे खरे कोपर त्याहून वर, छातीच्या बाजूस लागून असते. आपण हात दुमडला की कोपराचे हाड जसे मागे टोकदार होऊन येते, तसेच कुत्र्याचेही येते. त्या टोकावर ना मांसाची गादी, ना चरबीचा थर. हाड आणि त्यावर ताणलेली कातडी, एवढाच काय तो प्रकार. मागील पायांत अशीच जागा टाचेची. आपण ज्याला मागच्या पायाचा घोटा समजतो व जो मागे उंच उचललेला दिसतो, तीच कुत्र्याची टाच. म्हणून घट्टे प्रामुख्याने कोपरांवर, त्या खालोखाल टाचांवर व बसण्याच्या जागी पडतात. ज्यांची छाती खोल व पाय आखूड असतात, अशा डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्यांच्या छातीच्या हाडावरही ते आढळतात.

घट्टा कसा बनतो?

पालथे पडून, दोन्ही कोपरे जमिनीवर टेकून गोष्टीचे पुस्तक वाचण्याची सवय आपल्यापैकी अनेकांस असेल. फरशीवर असे पाच-दहा मिनिटे पडून पाहावे. प्रथम कोपराला रग लागते, मग ते दुखू लागते आणि आपण नकळत खाली उशी ओढतो. कुत्र्याला उशी ओढता येत नाही. दिवसाचे निम्म्याहून अधिक तास ते निजून अगर पडून काढते, आणि प्रत्येक वेळी खाली बसताना त्याच्या पुढील धडाचा भार कोपरांच्या त्या दोन टोकांवरच येतो. मोठ्या जातीचे कुत्रे तर हळूच न बसता धपकन अंग टाकते. खाली कठीण फरशी, वर हाड, आणि या दोहोंच्या कचाट्यात कातडी!

अशा दाबाने कातडीतील बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. घर्षणाने केस तुटतात. पुढे केसांची मुळेही दुखावतात व नवे केस येईनासे होतात. मग शरीर आपल्या परीने बचावाची तजवीज करते. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर केराटीन नावाच्या चिवट द्रव्याचा असतो. आपली नखे, केस आणि जनावरांची शिंगे ही सारी त्याच द्रव्याची बनलेली आहेत. दाब पडेल तेथे त्वचा या द्रव्याचे थरांवर थर चढवते व एक चिलखत तयार करते. कुदळ चालविणाऱ्या मजुराच्या तळहातावर, किंवा अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळपायावर जे घट्टे असतात, त्यांचीही उत्पत्ती हीच. तेव्हा घट्टा हा शत्रू नसून पहारेकरी आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. जोपर्यंत तो कोरडा, अखंड व न दुखणारा आहे, तोपर्यंत त्याच्याशी भांडण करण्याचे कारण नाही. मात्र पहारेकरी उभा आहे याचा अर्थ दाराशी संकट आहे, एवढे त्यावरून ओळखावे.

जुन्या काळी ही तक्रार कमी का असावी, याचे कारण आमच्या मते घरांच्या जमिनीत सापडते. आमच्या बेळगावकडील जुनी कौलारू घरे शेणाने सारवलेली असत. अंगणात माती, परसात राखेचा ढीग, गोठ्यात पेंढा. कुत्रे आपल्या पसंतीची जागा पंजांनी उकरून अंगाच्या आकाराचा खळगा करी व त्यात वेटोळे घालून निजे. खळग्यात शरीराचा भार सर्वत्र वाटला जातो. कोपरावर तेवढा राहत नाही. पुढे घरोघर शहाबादी फरशी आली, अंगणांत सिमेंट आले आणि आता तर गुळगुळीत चकाकणाऱ्या टाइल्स आल्या. माणसाच्या दृष्टीने ही सुधारणाच. पण माणूस या फरशीवर केवळ चालतो, कुत्रा मात्र तिच्यावर जन्म काढतो.

कोणत्या कुत्र्यांस जपावे?

ज्याचे वजन अधिक त्याला घट्ट्याचा धोका अधिक, हे उघड आहे. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ, लॅब्रॅडोर, अल्सेशियन या कुत्र्यांत घट्टे नेहमी दिसतात. लाडाने फार खाऊ घालून लठ्ठ केलेली कुत्री याच वर्गात मोडतात. म्हातारपणी सांधे आखडलेले कुत्रे एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहते. त्याच्याही कोपरांना विश्रांती मिळत नाही.

परंतु सडपातळ कुत्र्यांना भय नाही असे मात्र समजू नये. आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे नाव ज्या शिकारी कुत्र्यांनी सर्वत्र नेले, त्यांचेच उदाहरण घ्या. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान होते, आणि तेथील कुत्र्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावरही छापले. उंच पाय, खोल छाती, बारीक कंबर, आखूड केस आणि अंगावर चरबीचा अभाव, यांमुळे हे कुत्रे वाऱ्यासारखे धावते. परंतु याच गुणांमुळे त्याच्या हाडांची टोके उघडी असतात व कठीण जमिनीवर ती लवकर घासतात. रानात धावण्यासाठी घडलेले शरीर फरशीवर बांधून ठेवले तर त्याची ही किंमत द्यावी लागते.

घट्टा की लूत?

केस झडलेला प्रत्येक चट्टा घट्टाच असतो असे नाही. उपचार ठरविण्यापूर्वी हा विवेक करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. घट्ट्याची लक्षणे साधी आहेत. तो हाडाच्या टोकावरच असतो, हळूहळू महिन्यांच्या हिशेबाने वाढतो, त्याला खाज नसते, आणि कुत्रे एरवी खाऊनपिऊन आनंदात असते.

लूत अथवा खरूज निराळी. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांमुळे होते. हे किडे कातडीत बीळ करून राहतात व कुत्र्याला रात्रंदिवस अनावर खाज सुटते. येथे घोटाळा असा की, या किड्यांनाही कोपरे व टाचा फार आवडतात! मात्र त्याबरोबर कानांच्या कडाही खरबरीत होतात व पोटाखाली पुरळ उठते. कुत्र्याला जवळ घेणाऱ्या मुलांच्या हातांवर, पोटावर खाजरे फोड आले तर संशय बळकट होतो. दुसऱ्या एका प्रकारच्या किड्यांनी लहान पिल्लांच्या डोळ्यांभोवती, ओठांपाशी व पुढील पायांवर केस जातात. त्यात आरंभी खाज थोडी असते. गजकर्णाचे चट्टे बहुधा गोल असतात, कोंडा धरतात व ते माणसांसही होतात. पिसवांचा त्रास असेल तर शेपटीच्या बुंध्याशी व मांड्यांवर केस विरळ होतात. मध्यम वयाचे कुत्रे खाणे न वाढता लठ्ठ होऊ लागले, आळसावले, त्याच्या दोन्ही कुशींवरचे व शेपटीचे केस सारखे झडू लागले, आणि खाज मात्र नसेल, तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचा संभव असतो. त्याचा निर्णय रक्त तपासूनच होतो.

सारांश, खाज असेल, चट्टा हाडाचे टोक सोडून पसरत असेल, अथवा घरातील माणसांनाही त्रास होऊ लागला असेल, तर तो घट्टा नव्हे असे मानून पशुवैद्याकडे जावे. तो त्वचेचा थोडा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि काही मिनिटांत शंका फिटू शकते.

अंथरूण हेच औषध

आता उपायाकडे वळू. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी शेतकरी आपल्या बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतो, हे आपण पाहतो. परंतु शहाणा शेतकरी एवढ्यावर थांबत नाही. जू खडबडीत असेल तर तो ते तासून गुळगुळीत करतो. कारण जू तसेच ठेवून खांद्याला कितीही तूप चोळले तरी खांदा बरा होणार नाही, हे तो जाणतो. कुत्र्याच्या कोपराचे जू म्हणजे आपली फरशी होय. ती जोवर बदलत नाही तोवर कोणतेही मलम निष्फळ आहे.

फरशी बदलावयाची म्हणजे तीवर चांगले अंथरूण घालावयाचे. त्यासाठी बाजारातील महागडी गादी लागते असे नाही. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी किंवा वाकळ चौपदरी घडी करून घालावी. धुतलेल्या गोणपाटात वाळलेला पेंढा भरून तोंड शिवले तर उत्तम गादी होते. पेंढा दबला की बदलावा. अंथरूण पुरेसे जाड आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. आपण त्यावर कोपर टेकून अंगाचा भार द्यावा. खालची फरशी लागली तर ती कुत्र्यालाही लागणार! तेव्हा आणखी एक घडी घालावी. तसेच कुत्रे आडवे पसरले असता त्याचे चारही पाय अंथरुणावर राहतील एवढी लांबी-रुंदी असावी.

येथे पुष्कळ लोक म्हणतील, ‘आम्ही गादी घातली, पण आमचे कुत्रे ती सोडून फरशीवरच जाऊन निजते.’ हे खरे आहे, आणि त्यात कुत्र्याचा हट्ट नाही. माणसाच्या सर्वांगाला घाम येऊन ते थंड होते. कुत्र्याला तशी सोय नाही. त्याचा घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून येतो. बाकीची उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो, आणि पोट गार जमिनीला लावून उरलेली कसर भरून काढतो. उन्हाळ्यात लोकरीच्या कांबळ्यावर त्याला निजविणे म्हणजे त्याला शिक्षाच होय. यास तोड म्हणून नवारीची अगर सुतळीची लहानशी बुटकी खाट करावी. तिच्या खालून वारा खेळतो, अंग गार राहते, आणि विणकाम अंगाच्या आकाराने झुकत असल्याने कोपरावर भार येत नाही. खाटेची उंची वीतभर पुरे. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी त्याहूनही कमी असावी, म्हणजे चढताना त्याच्या सांध्यांना त्रास होणार नाही. ही खाट आपल्या सोयीच्या कोपऱ्यात न ठेवता, कुत्रे एरवी जेथे निजते तेथेच ठेवावी. त्याने आपण होऊन तिच्यावर पाय ठेवला की शाबासकी द्यावी, एखादा घास द्यावा. थोड्या दिवसांत ते तिला आपली मानू लागते.

पावसाळ्यात काळजी वेगळी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. ओलसर अंथरुणावर कातडी मऊ पडून फाटते व तिच्यात जंतू शिरतात. म्हणून दोन अंथरुणे असावीत. एक वापरात, एक वाळत. ऊन पडेल त्या दिवशी अंथरूण झटकून उन्हात टाकावे, म्हणजे ओलीबरोबर पिसवांनाही आळा बसतो.

अंथरुणाच्या जोडीला वजनाकडे लक्ष पाहिजे. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हलकेच बोटे फिरवावीत. उताण्या हाताच्या तळव्याच्या गुबगुबीत भागासारखा स्पर्श लागला आणि बरगड्या हातास लागल्याच नाहीत, तर ते लठ्ठ झाले आहे. मूठ वळल्यावर बोटांची हाडे जशी वर येतात तशा त्या लागल्या तर ते रोडावले आहे. सरळ ठेवलेल्या पंजाच्या मागील बाजूसारखा स्पर्श लागला, तर ते बेताचे आहे. लठ्ठ कुत्र्याचे खाणे हळूहळू कमी करावे व त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवावे. केस हे प्रथिनांचे बनलेले असल्याने नुसत्या चपाती-भाकरीवर त्यांचे पोषण होत नाही. अंडी, मासे, मांस अथवा कुत्र्यांसाठी तयार केलेले समतोल अन्न यांचा त्याच्या आहारात पुरेसा भाग असावा.

काय लावावे, काय लावू नये

घट्टा कोरडा पडून भेगाळू लागला तर आठवड्यातून दोन-तीन वेळा कोमट पाण्याने पुसून, टिपून कोरडा करावा व त्यावर साधे व्हॅसलिन किंवा पशुवैद्याने दिलेले मलम अगदी पातळ लावावे. कुत्रे ते लगेच चाटू पाहील. म्हणून मलम लावताच त्याला दहा-पंधरा मिनिटे फिरावयास न्यावे किंवा खाणे पुढे ठेवून गुंतवावे. मलमाचा अतिरेक मात्र करू नये. घट्टा भेगाळू न देणे एवढाच मलमाचा उद्देश. तो नाहीसा करण्याच्या हव्यासाने फार मऊ केला तर चिलखत गळून पडते आणि खालची कोवळी कातडी फरशीवर सोलवटते. याच कारणाने घट्टा ब्लेडने तासणे, वजरीने घासणे किंवा कुरपावर लावावयाच्या पट्ट्या चिकटविणे हे सर्व वर्ज्य समजावे.

याहून घातक असे काही ‘रामबाण’ उपाय गावोगाव प्रचलित आहेत. कोणी मोटारीचे जळके ऑइल चोपडतात, कोणी रॉकेल, कोणी फिनेल, कोणी बिब्बा उतवतात. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते. या पदार्थांनी ती भाजून निघते. शिवाय कुत्रे अंगाला लावलेले सर्व चाटून पोटात घेते, म्हणजे हे विष त्याला पाजल्यासारखेच होय. घरातील माणसांची मलमेही निर्धोक नाहीत. जस्तयुक्त मलमे, दुखऱ्या सांध्यांवर चोळण्याची मलमे, सोरायसिसवरील काही मलमे ही पोटात गेली असता कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. दुखते म्हणून माणसाची वेदनाशामक गोळी त्याला कदापि देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गुरांना टोचावयाचे खरजेचे औषधही अंदाजाने टोचू नये. कोली जातीच्या कुत्र्यांना त्यातील काही औषधे प्राणघातक ठरतात.

घट्टा चिघळला तर

दुर्लक्ष झालेल्या घट्ट्याला भेगा पडतात, भेगांत धूळ व तुटलेले आखूड केस शिरतात, आणि जंतूंना आयते घर मिळते. कोपर लाल होते, गरम लागते, त्यातून लस, रक्त किंवा पू येतो. कुत्रे ते सारखे चाटते व हात लावू देत नाही. अशा वेळी अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात लहान चमचाभर मीठ विरघळवावे व स्वच्छ कापडाच्या बोळ्याने जखम हलकेच धुवावी. एवढी प्रथमोपचाराची मर्यादा. पुढे पशुवैद्याचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा. खोलवर गेलेल्या जंतूंसाठी औषध कित्येक आठवडे द्यावे लागते, आणि वरून बरे दिसू लागले म्हणून ते मध्येच सोडले तर दुखणे उलटते. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसून अळ्या पडतात, हे तर प्रत्येकाने पाहिले असेल. तेथे एका दिवसाचाही विलंब परवडत नाही.

दुखऱ्या कोपराला आधार म्हणून जुन्या स्वेटरची बाही कापून, तिच्यात कापसाची चपटी घडी शिवून, पायात चढविता येते. मात्र ती सैल असावी, रोज काढून धुवावी आणि पंजा सुजलेला अगर गार तर लागत नाही ना, हे पाहावे.

मोठ्या जातीच्या तरुण कुत्र्यांत, विशेषतः सहा महिने ते दीड वर्ष या वयात, घट्टा तयार होण्यापूर्वीच कोपरावर लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, मऊ, डुलणारी गाठ येते. वारंवार आपटल्याने कातडीखाली पाणी साचून ती बनते. ती सहसा दुखत नाही. घरी सुई टोचून पाणी काढण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु सुईबरोबर जंतू आत जातात आणि निरुपद्रवी पाण्याचा पू होतो. लहान गाठ जाड अंथरुणावर काही आठवड्यांत आपोआप जिरते. शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा मार्ग. कारण ज्या जागेवर कुत्रे रोज अंगाचा भार टाकते, तेथील टाके उसवण्याची भीती फार असते. कापलेली जखम भरण्यासाठीही अखेर मऊ अंथरूणच लागते!

आपण काय करू शकतो?

आमच्या विद्यार्थी मित्रांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. दर रविवारी घरच्या कुत्र्याची तपासणी करावी. चारही कोपरे-टाचा, कानांच्या कडा, पंजांच्या बेचक्या पाहाव्यात. गोचीड दिसली तर वडीलधाऱ्यांकडून काढवून घ्यावी. घट्ट्याचा आकार वहीत रेखाटून तारीख घालावी. तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा अशी वही पशुवैद्याला अधिक उपयोगी पडते. तपासणी घरच्या, ओळखीच्या कुत्र्याचीच, आणि तीही ते जेवत किंवा झोपले नसताना करावी. दुखणाऱ्या जागी हात लागला तर प्रेमळ कुत्रेही चावू शकते. तसे झाले किंवा नख लागले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी, घरी ताबडतोब सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन श्वानदंशाची लस घ्यावी. कुत्र्यालाही ती लस दरवर्षी टोचून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

एक गोष्ट अखेरीस स्पष्ट सांगितली पाहिजे. जाड अंथरूण घातले म्हणजे जुन्या घट्ट्यावर पुन्हा केस उगवतीलच असे नाही. नुकतेच झडलेले केस काही महिन्यांत परत येतात. परंतु जेथे मुळेच नष्ट झाली तेथे कातडी उघडीच राहणार. तरीही आपले श्रम वाया जात नाहीत. घट्टा आहे तेवढाच राहिला, फुटला नाही, चिघळला नाही आणि म्हाताऱ्या कुत्र्याची उरलेली वर्षे वेदनेवाचून गेली, तर उपचार सफल झाला असेच म्हटले पाहिजे. पिल्लू घरात येते त्या दिवसापासून जे घर त्याला अंथरूण देते, त्या घरात मलमाचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

मनुष्य दुखले-खुपले तर बोलून दाखवतो. कुत्र्याजवळ शब्द नाहीत. पायाखालच्या दगडाची तक्रार ते आपल्या कातडीवर लिहून ठेवते. ती वाचण्यास फार विद्वत्ता लागत नाही. खाली वाकून पाहण्याची तसदी घेतली आणि घरातील एक जुनी गोधडी त्याच्यासाठी काढली, तरी पुरे आहे.